जनुकांचे संशोधन आणि संशोधकाचे नीतिशिक्षण

शेतीमध्ये बियाणे हा सर्वांत महत्त्वाचा घटक आहे हे आपणास वेगळे सांगावयास नको. पिकाचा नवा वाण तयार होऊन त्याची शिफारस होईपर्यंत साधारणपणे आठ ते दहा वर्षे लागतात. या काळात पैदासकार शास्त्रज्ञ निरनिराळ्या गावांतून स्थानिक वाण गोळा करतो, त्यांचा संकर करतो, पिढ्यान्‌पिढ्या निवड करतो आणि शेवटी शेतकऱ्यांच्या शेतावर चाचण्या घेतो. म्हणजेच या कामाची सुरुवात शेतकऱ्याच्या कणगीतून होते आणि शेवटही शेतकऱ्याच्या शेतावर होतो.

कृषी महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यास फुलातील पुंकेसर चिमट्याने अलगद कसे काढावेत, परागकण केव्हा टाकावेत, पिशवी कशी बांधावी हे सर्व बारकाईने शिकविले जाते. अलीकडे पानातून डीएनए वेगळा काढणे, डीएनए चिन्हकांच्या साहाय्याने झाडांची निवड करणे, इतकेच नव्हे तर जनुकामध्ये नेमका बदल घडविणे हेही शिकविले जाते. परंतु हाच विद्यार्थी एखाद्या आजींच्या घरी जाऊन त्यांनी सासूकडून जपत आणलेल्या वालाचे मूठभर बी मागतो, तेव्हा त्याने त्यांना काय सांगावे? त्या बियाण्याचे पुढे काय होणार? त्यातून वाण तयार झाला तर त्यांचे नाव कोठे येणार? या प्रश्नांची उत्तरेही शिकवावी लागतात. जनुकांवर काम करणाऱ्या संशोधकास नैतिक व सामाजिक परिणामांचे शिक्षण का द्यावे लागते, त्यात काय असावे आणि शेतकऱ्याने या बाबतीत काय विचारावे याची माहिती या लेखात दिली आहे.

बियाण्याचा नमुना वेगळा का आहे?

माती परीक्षणासाठी आपण अर्धा किलो माती देतो. तपासणी झाली, अहवाल मिळाला की त्या मातीचे काम संपते. बियाण्याच्या नमुन्याचे तसे नसते. याची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

१. बी वाढते. मूठभर बियाण्यापासून दोन-तीन हंगामांत पोतेभर आणि पुढे हजारो एकरांसाठी बियाणे तयार करता येते.

२. बी टिकते. नवी दिल्ली येथील राष्ट्रीय जनुक पेढीत दीर्घकालीन साठवणुकीसाठी बियाणे उणे १८ अंश सेल्सिअस तापमानास ठेवले जाते. आज दिलेला नमुना देणाऱ्याच्या नातवाच्या काळातही वापरला जाऊ शकतो.

३. बियाण्यात माहिती असते. डीएनएची मांडणी एकदा वाचून संगणकात नोंदविली की त्यानंतर अनेक कामांसाठी प्रत्यक्ष बी पुन्हा मागण्याची गरजही राहत नाही.

४. परागकण बांध मानत नाहीत. परपरागीभवन होणाऱ्या पिकात एका शेतातील गुणधर्म शेजारच्या शेतात जाऊ शकतात. त्यामुळे एका शेतकऱ्याने घेतलेल्या निर्णयाचा परिणाम शेजाऱ्यावरही होतो.

या चारही बाबींमुळे जनुकांच्या संशोधनात केवळ तांत्रिक कौशल्य पुरत नाही. नमुना कोणाचा, परवानगी कशासाठी, जोखीम कोणाची आणि लाभ कोणाला, हे चार प्रश्न प्रत्येक टप्प्यावर उभे राहतात.

या शिक्षणाची सुरुवात कशी झाली?

एका सजीवाचे जनुक दुसऱ्यात घालण्याचे तंत्र १९७०च्या दशकाच्या सुरुवातीस हाती आले. त्याच्या संभाव्य धोक्यांची शंका प्रथम शास्त्रज्ञांनाच आली. पॉल बर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही प्रयोग तात्पुरते थांबविण्याचे आवाहन केले आणि फेब्रुवारी १९७५ मध्ये अमेरिकेतील असिलोमार येथे शास्त्रज्ञांची परिषद भरली. कोणत्या प्रयोगास किती खबरदारी घ्यावी याचे नियम तेथे ठरले. मात्र ही चर्चा मुख्यतः प्रयोगशाळेतील सुरक्षिततेपुरती होती. समाजावरील परिणामांचा विचार त्यात फारसा झाला नाही.

पुढचा टप्पा १९९० मध्ये आला. माणसाची सर्व जनुकीय माहिती वाचून काढण्याचा ‘मानवी जीनोम प्रकल्प’ त्या वर्षी औपचारिकपणे सुरू झाला. डीएनएच्या रचनेचा शोध लावणाऱ्यांपैकी एक असलेले जेम्स वॉटसन अमेरिकेतील या कामाचे प्रमुख होते. प्रकल्पाच्या निधीचा काही भाग नैतिक, कायदेविषयक व सामाजिक परिणामांच्या अभ्यासासाठी राखून ठेवावा असा त्यांचा आग्रह होता. सुरुवातीस हा हिस्सा ३ टक्के होता. पुढे १९९३ च्या कायद्याने तो किमान ५ टक्के करण्यात आला. विज्ञानाच्या एखाद्या मोठ्या प्रकल्पाने स्वतःच्याच परिणामांची चिकित्सा करण्यासाठी पहिल्यापासून पैसा बाजूला काढावा, ही त्या काळात नवी गोष्ट होती.

साधारण त्याच सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने प्रशिक्षण अनुदान घेणाऱ्या संशोधक विद्यार्थ्यांना जबाबदार संशोधनाचे शिक्षण देणे आवश्यक केले. २००९ मध्ये या नियमात सुधारणा झाली. प्रत्यक्ष समोरासमोर चर्चा, किमान आठ तासांचे शिक्षण आणि दर चार वर्षांतून निदान एकदा उजळणी अशा अटी त्यात आल्या. विद्यार्थी, कनिष्ठ संशोधक आणि ज्येष्ठ संशोधक अशा प्रत्येक टप्प्यावर हे शिक्षण घ्यावे अशी अपेक्षा आहे. पद वाढते तसे प्रश्नही बदलतात, हे त्यामागील कारण होय.

रक्ताचा नमुना आणि एका जमातीचा अनुभव

असे शिक्षण का हवे हे समजण्यासाठी एक उदाहरण पाहू. ते माणसाच्या रक्ताच्या नमुन्यांचे आहे, परंतु बियाण्याचा नमुना देणाऱ्यासही ते तितकेच लागू पडते.

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात ग्रँड कॅनियन या प्रचंड दरीत हवासुपाई नावाची लहानशी आदिवासी जमात राहते. या लोकांमध्ये मधुमेहाचे प्रमाण फार होते. १९९० पासून ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी तेथील लोकांच्या रक्ताचे नमुने घेतले. आपल्या मुलाबाळांना उपयोग होईल या आशेने लोकांनी नमुने दिले. संमतीपत्रावरील मजकूर मात्र मोघम होता. त्यात केवळ मधुमेहाचा उल्लेख नव्हता, तर वर्तनविषयक व वैद्यकीय विकारांच्या कारणांचा अभ्यास असे व्यापक शब्द होते.

पुढे हेच नमुने छिन्नमनस्कता हा मानसिक आजार, जमातीमधील निकट प्रजनन आणि त्यांचे पूर्वज कोठून आले असावेत अशा विषयांच्या अभ्यासासाठी वापरले गेले. आपली उत्पत्ती याच दरीत झाली अशी या जमातीची श्रद्धा आहे. त्यांच्याच रक्ताच्या आधारे वेगळे निष्कर्ष मांडले जात आहेत हे त्यांना ठाऊक नव्हते. २००३ मध्ये विद्यापीठात एका विद्यार्थ्याच्या पीएच.डी. प्रबंधाचे सादरीकरण सुरू असताना या जमातीतील एक महिला तेथे उपस्थित होती. या कामासाठी आमच्या लोकांची परवानगी घेतली होती काय, असे तिने विचारले आणि प्रकरण उघड झाले. न्यायालयीन वाद झाला. २०१० मध्ये तडजोड होऊन विद्यापीठाने सात लाख डॉलर दिले आणि उरलेले नमुने जमातीस परत केले.

या प्रकरणात रक्त चोरून घेतलेले नव्हते, सह्याही होत्या. तरीही लोकांचा विश्वास तुटला, कारण सही करणाऱ्याला जे समजले होते आणि संशोधकाने कागदावर जे लिहिले होते त्यांत अंतर होते. संमती म्हणजे केवळ सही नव्हे, तर समजून दिलेला होकार होय, हा जनुकशास्त्राच्या नीतिशिक्षणातील पहिला धडा आहे.

एचएमटी तांदळाचे उदाहरण

श्रेयाचा प्रश्न आपल्याच राज्यात कसा उभा राहिला हे पाहू. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तेथील अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ च्या सुमारास ‘पटेल-३’ या धानाच्या बांधीत काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, त्यांचे बी वेगळे लावले आणि अनेक हंगाम निवड करीत बारीक दाण्याचा, खाण्यास चवदार असा वाण तयार केला. त्या काळी लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळावरून त्याला ‘एचएमटी’ असे नाव पडले. हा तांदूळ पूर्व विदर्भात व शेजारच्या राज्यांत पसरला. १९९० च्या दशकात कृषी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी खोब्रागडे यांच्याकडून प्रयोगासाठी बियाणे नेले आणि १९९८ मध्ये ‘पीकेव्ही-एचएमटी’ हा वाण प्रसारित झाला.

मूळ निवड आपली असून आपणास श्रेय मिळाले नाही असे खोब्रागडे यांचे म्हणणे होते. मिश्र बियाण्यातून शुद्ध वाण वेगळा करण्याचे शास्त्रीय काम आम्ही केले अशी शास्त्रज्ञांची बाजू होती. शुद्धीकरण हे खरोखर कष्टाचे काम आहे, त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु शुद्धीकरण करावयास मुळात वाण हाती असावा लागतो, हेही तितकेच खरे आहे. वाणांवरील हक्कांसंबंधी आजचा कायदा त्या वेळी नव्हता. तरीही वाणाच्या माहितीपत्रकात ‘मूळ निवड : दादाजी खोब्रागडे, नांदेड’ एवढी एक ओळ छापण्यास कोणत्याही कायद्याची आवश्यकता नव्हती. पुढे २००५ मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा राष्ट्रीय पातळीवर गौरव झाला. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले, तोपर्यंत त्यांनी धानाचे आणखी अनेक वाण निवडले होते.

हे उदाहरण पैदासशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यास शिकविले पाहिजे. कोणास दोषी ठरविण्यासाठी नव्हे, तर उद्या तो स्वतः एखाद्या शेतकऱ्याच्या दारात उभा राहील तेव्हा नोंदवहीत प्रथम काय लिहावे हे त्याला उमजावे म्हणून.

सामाजिक बाजू विसरली तर तंत्रही फसते

नीती व समाज हे विषय शास्त्राच्या बाहेरचे आहेत, वेळ उरला तर शिकवावेत, असे काहींना वाटते. बीटी कपाशीचा अनुभव याच्या उलट आहे.

आपल्या देशात बीटी कपाशीच्या लागवडीस २००२ मध्ये परवानगी मिळाली. बोंडअळीमध्ये प्रतिकारशक्ती निर्माण होऊ नये म्हणून बीटी कपाशीच्या सभोवती एकूण क्षेत्राच्या २० टक्के किंवा पाच ओळी, यांपैकी जे अधिक असेल तेवढी बिगर-बीटी कपाशी आश्रय पीक म्हणून लावावी अशी शिफारस होती. त्यासाठी ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणे दिले जाई. यामागील शास्त्र सोपे आहे. बीटी झाडावर जगलेले थोडे प्रतिकारक्षम पतंग आश्रय पिकावरील पुष्कळ साध्या पतंगांशी मीलन करतात. त्यांच्या बहुतेक संततीस बीटीचे विष मारू शकते आणि प्रतिकारशक्ती वाढण्यास वेळ लागतो. गुलाबी बोंडअळी प्रामुख्याने कपाशीवरच जगते. त्यामुळे तिच्यासाठी इतर पिकांचा आश्रय फारसा उपलब्ध नसतो आणि या ओळींचे महत्त्व अधिकच असते.

ही शिफारस जनुकशास्त्राच्या दृष्टीने योग्य होती. पण दोन-तीन एकर कोरडवाहू जमीन असलेल्या, उसनवारीवर बियाणे घेतलेल्या शेतकऱ्यास पाचवा हिस्सा क्षेत्र अळीसाठी सोडा असे सांगितले तर तो काय करील? बहुतेकांनी ते छोटे पाकीट लावलेच नाही. पुष्कळांना ते कशासाठी आहे हे कोणी समजावून सांगितलेले नव्हते. दीर्घ कालावधीचे संकरित वाण व डिसेंबरनंतरही शेतात ठेवलेली फरदड यांमुळे अळीला वर्षभर खाद्य मिळाले. २०१० मध्ये गुजरातेत एक-जनुकी बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी प्रतिकारक्षम झाल्याचे जाहीर झाले. पुढे दोन जनुकांची कपाशीही तिला रोखू शकली नाही आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ व मराठवाड्यात बोंडे किडून फार मोठे नुकसान झाले.

जनुक प्रयोगशाळेत उत्तम काम करीत होते. मात्र त्याचे आयुष्य शेतकऱ्याच्या निर्णयावर अवलंबून होते आणि त्या निर्णयामागील आर्थिक अडचणींचा विचार तंत्र तयार करतानाच व्हावयास हवा होता. आश्रय पीक लावल्याचा लाभ सर्व गावाला आणि तोटा मात्र एकट्याला, असे असेल तर ते कोण लावील, हा प्रश्न संशोधकाने पहिल्या दिवशी विचारला पाहिजे. पुढील काळात बिगर-बीटी बी त्याच पाकिटात मिसळून देण्याची पद्धत आली, ती या अनुभवानंतरच.

प्रशिक्षणात काय असावे?

आपल्याकडे या दृष्टीने काही सोयी झाल्या आहेत. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात बौद्धिक संपदा आणि संशोधन नीती यांवरील सामाईक विषय आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन व प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम आवश्यक केला. परंतु प्रकाशनातील चोरी टाळणे म्हणजेच सर्व नीती नव्हे. जनुकांवर काम करणाऱ्यास पुढील बाबी उदाहरणांसह शिकविणे गरजेचे आहे.

१. समजेल अशी संमती : विद्यार्थ्याने नमुना मागण्याचे पत्र सोप्या मराठीत लिहावे आणि एखाद्या शेतकऱ्यास वाचून दाखवावे. त्यातील काय समजले ते शेतकऱ्याने स्वतःच्या शब्दांत सांगावे. सांगता आले नाही तर पत्र पुन्हा लिहावे. शेतकऱ्याने नकार दिल्यास तो मान्य करण्यासही शिकावे.

२. नोंद व श्रेय : नमुन्यासोबत गाव, देणाऱ्याचे नाव, स्थानिक नाव, वापर व त्याविषयीचे पारंपरिक ज्ञान नोंदवावे. बियाणे जपण्याचे काम अनेक घरांत स्त्रिया करतात आणि नोंदीत मात्र सातबारावरील पुरुषाचे नाव जाते. असे होऊ देऊ नये.

३. जोखमीचे वाटप : चाचणी अयशस्वी झाली तर नुकसान कोणाचे, शेजारच्या शेतावर परिणाम झाला तर काय, हे चाचणीपूर्वी ठरवावे.

४. लाभाचे वाटप : वाण यशस्वी झाल्यास मूळ जतन करणाऱ्या व्यक्तीस वा गावास काय मिळेल याचा विचार आधी करावा.

५. निष्कर्ष परत सांगणे : तपासणीचा निकाल ज्याच्याकडून नमुना घेतला त्याला कळविला पाहिजे, मग तो त्याच्या आवडीचा असो वा नसो.

६. लोकांचे ऐकणे : बीटी वांग्यास ऑक्टोबर २००९ मध्ये जनुकीय अभियांत्रिकी समितीने मान्यता दिल्यानंतर तत्कालीन पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी २०१० च्या आरंभी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या. त्यांत आपले नागपूरही होते. ९ फेब्रुवारी २०१० रोजी लागवडीस स्थगिती देण्यात आली. हा निर्णय योग्य की अयोग्य यावर आजही मतभेद आहेत. परंतु विरोधकाचे म्हणणे शांतपणे ऐकणे, माहीत नसलेले माहीत नाही असे सांगणे आणि सोप्या भाषेत उत्तर देणे ही कौशल्ये सरावानेच येतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. केवळ तास भरले आणि प्रमाणपत्र मिळाले म्हणजे संशोधक नीतिमान होतो असे नाही. २०१८ मध्ये हे जियानकुई या चिनी शास्त्रज्ञाने जनुक बदललेल्या भ्रूणांपासून जुळ्या मुली जन्मास आल्याचे जाहीर केले व जगभर खळबळ उडाली. हा शास्त्रज्ञ अमेरिकेतील नामवंत विद्यापीठांत शिकलेला होता. त्याच सुमारास त्याचा व सहकाऱ्यांचा नीतितत्त्वांवरील लेखही प्रसिद्ध झाला होता, जो नंतर मागे घेण्यात आला. पालकांना दिलेल्या संमतीपत्रात या कामास एड्सवरील लस विकसित करण्याचा प्रकल्प म्हटले होते. २०१९ च्या अखेरीस त्यास तीन वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. तत्त्वे लिहिता येणे आणि ती पाळणे यांत फरक आहे. म्हणूनच हे शिक्षण व्याख्यानापेक्षा प्रत्यक्ष प्रकरणांच्या चर्चेतून, मार्गदर्शक प्राध्यापकाच्या वागण्यातून आणि बांधावरील संवादातून दिले पाहिजे.

आज याची गरज वाढली आहे. जनुक संपादनाच्या तंत्राने केलेल्या आणि बाहेरचे जनुक नसलेल्या पिकांना २०२२ मध्ये केंद्र शासनाने जनुकीय अभियांत्रिकीसंबंधीच्या १९८९ च्या नियमांतील काही तरतुदींतून सूट दिली. मे २०२५ मध्ये ‘डीआरआर धान १००’ (कमला) आणि ‘पुसा डीएसटी राईस १’ हे या तंत्राने तयार केलेले भाताचे दोन वाण देशात जाहीर झाले. शासकीय तपासणीचे टप्पे कमी होतात तेव्हा संशोधकाच्या व त्याच्या संस्थेच्या विवेकावरील भार वाढतो.

कायदा काय सांगतो?

पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा २००१ मधील काही तरतुदी प्रत्येक शेतकऱ्यास माहीत असाव्यात.

• शेतकरी आपले बियाणे राखू, वापरू, पेरू, देवाणघेवाण करू व विकू शकतो. मात्र संरक्षित वाणाचे बियाणे नाममुद्रा लावून विकता येत नाही.

• वाणाची नोंदणी करणाऱ्या पैदासकाराने मूळ जननद्रव्य कायदेशीर मार्गाने मिळविल्याचे घोषित करावे लागते. आदिवासी वा ग्रामीण कुटुंबांनी जतन केलेले जननद्रव्य वापरले असल्यास तेही उघड करावे लागते.

• शेतकरी स्वतः विकसित केलेल्या किंवा परंपरेने जपलेल्या वाणाची नोंदणी करू शकतो.

• वाणाच्या निर्मितीत योगदान असलेल्या गावाच्या वतीने दावा करता येतो व राष्ट्रीय जनुक निधीतून मोबदला मिळू शकतो.

• बियाणे पुढील पिढीत उगवू न देणारे तंत्र असलेल्या वाणाची नोंदणी करता येत नाही.

याखेरीज जैविक विविधता कायदा २००२ नुसार स्थानिक पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि गावातील वाण, वनस्पती व त्यांविषयीचे ज्ञान लोक जैवविविधता नोंदवहीत लिहिले जाते. आपल्या गावच्या नोंदवहीत स्थानिक वाणांची नोंद आहे की नाही हे पाहावे, नसल्यास करून घ्यावी. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाण्यांच्या जतनाचे जे काम केले, त्याची दखल पद्मश्री पुरस्काराने घेतली गेली. असे जतन करणारे हात प्रत्येक तालुक्यात आहेत, त्यांची नोंद तेवढी झालेली नाही.

शेतकऱ्याने काय विचारावे?

कोणत्याही संस्थेचा संशोधक, कंपनीचा प्रतिनिधी किंवा विद्यार्थी बियाणे, रोप अथवा जनावराच्या रक्ताचा नमुना मागण्यास आल्यास पुढील प्रश्न अवश्य विचारावेत.

१. आपण कोणत्या संस्थेकडून आलात? ओळखपत्र आहे काय?

२. हा नमुना नेमका कशासाठी हवा आहे? दुसऱ्या कामासाठी वापरावयाचा झाल्यास पुन्हा विचारणार काय?

३. नमुना कोठे ठेवला जाईल आणि आणखी कोणाला दिला जाईल?

४. नोंदीत माझे, माझ्या घरातील जतन करणाऱ्या व्यक्तीचे व गावाचे नाव येईल काय?

५. यातून वाण तयार झाल्यास श्रेय व लाभ कसा मिळेल?

६. निकाल मला केव्हा व कसा कळविणार?

७. माझ्या शेतावर चाचणी असल्यास नुकसानीची जबाबदारी कोणाची? शेजाऱ्यांना कल्पना दिली आहे काय?

उत्तरे तोंडी न ठेवता नमुन्याची पावती मागावी. पावतीवर तारीख, नमुन्याचे स्थानिक नाव, वजन, उद्देश, घेणाऱ्याचे नाव, संस्था व सही एवढे असले तरी पुरे. ती सातबाराच्या उताऱ्यासोबत जपून ठेवावी. चांगला संशोधक अशा प्रश्नांनी नाराज होणार नाही, उलट त्याचे काम सोपे होईल. नमुना देणे बंद करावे असा याचा अर्थ मुळीच नाही. स्थानिक वाणांमधील अवर्षण सहन करण्याची, रोगास तोंड देण्याची शक्ती नव्या वाणांत आणावयाची असेल तर शेतकरी आणि संशोधक यांच्यात देवाणघेवाण चालूच राहिली पाहिजे. ती दोन्ही बाजूंनी उघड व लेखी असावी, एवढेच.

समारोप

नीतिशिक्षणामुळे संशोधनाला खीळ बसते असा एक समज आहे. वर पाहिलेल्या उदाहरणांवरून दिसते की खीळ बसते ती विश्वास तुटल्यामुळे. हवासुपाई लोकांचे नमुने परत गेले आणि त्यासोबत त्यांच्यातील मधुमेहाचा तो अभ्यासही संपला. याउलट ज्या गावात संशोधकाने नाव नोंदविले, निकाल सांगितला आणि पुढील हंगामात पुन्हा येऊन विचारपूस केली, त्या गावात त्याला दुसऱ्यांदा बियाणे मागावे लागत नाही. शेतकरी स्वतःहून आणून देतो.

पैदासशास्त्राच्या विद्यार्थ्यास संकर करण्याचे तंत्र आपण शेतावर नेऊन, हातात चिमटा देऊन शिकवितो. संमती, श्रेय, जोखीम व लाभ यांचे शिक्षणही तसेच शेतावर, शेतकऱ्याच्या समोर बसून दिले पाहिजे. या कामी शेतकरी बंधू-भगिनींनी वरील प्रश्न विचारून सहकार्य करावे. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात अथवा कृषी महाविद्यालयात आपल्या स्थानिक वाणांच्या नोंदणीविषयी माहिती मिळू शकते. येत्या हंगामापूर्वी आपल्या घरात जपलेल्या बियाण्यांची यादी करून, ते कोणी जपले याची नोंद घालून ठेवण्यास हरकत नाही.